सैन्य हलवण्याआधी परतीची अट लिहून ठेवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

१३ डिसेंबर २०२५ ला संसदेवरच्या हल्ल्याला २४ वर्षं झाली. त्या निमित्ताने आपल्या अंकात वाचकांची जी पत्रं आली, त्यातल्या बऱ्याच पत्रांचा सूर एकच होता. लाल किल्ल्याजवळ स्फोट झाला तरी आपण गप्प का? सगळी फौज एकदाची सीमेवर नेऊन उभी करा, पाकिस्तान आपोआप वठणीवर येईल. एका पत्रलेखकाने तर '२००१ साली केलं तसं' असा दाखलाही दिला आहे. २००१ साली काय केलं आणि त्याचं पुढे काय झालं, हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. मी तेव्हा सॅपर होतो, म्हणजे इंजिनिअर पलटणीत. सुरुंग पेरण्याचं काम माझ्याकडे होतं आणि पुढे तेच उचलण्याचंही. म्हणून हे पत्र.

त्या डिसेंबरात आमच्या खटाव तालुक्यात शाळू पोटऱ्यात आला होता आणि माझ्यासारखे पुष्कळ फौजी सुट्टीवर घरी होते. हल्ला १३ तारखेला झाला, १८ तारखेला सैन्याला हलण्याचा हुकूम झाला आणि तालुक्यात तारा यायला लागल्या. रहिमतपूर, कोरेगाव, सातारा रोड, जिकडे बघावं तिकडे स्टेशनवर काळ्या ट्रंका आणि होल्डॉल. लाम लागली, म्हणजे लढाईचं बोलावणं आलं, एवढंच घरच्यांना कळलं. आम्हाला तरी त्याहून जास्त कुठे कळलं होतं? पाचेक लाख माणसं, रणगाडे, तोफा, दारूगोळा, पूल बांधायचं सामान असं सगळं पश्चिम सीमेकडे निघालं. त्या मोहिमेचं नाव ऑपरेशन पराक्रम.

यातली गोची आज अभ्यासक लिहितात, आम्ही ती रेल्वेच्या डब्यातून बघितली. हल्ला करायला ज्या कोअर, म्हणजे सैन्याच्या मोठ्या फळ्या, लागतात, त्यांची ठाणी मथुरा, अंबाला आणि भोपाळला. भोपाळहून रणगाडे राजस्थानच्या वाळूत उतरेपर्यंत जवळजवळ तीन आठवडे गेले. तेवढ्या वेळात समोरच्याने आपलं सैन्य आणून बसवलं. अमेरिकेला अफगाणिस्तानच्या लढाईसाठी पाकिस्तान हवा होता, तिचे लोक जेकबाबादच्या तळावर होते, त्यामुळे वॉशिंग्टनचे फोनही सुरू झाले. १२ जानेवारी २००२ ला पाकिस्तानचे लष्करशहा मुशर्रफ यांनी टीव्हीवर भाषण केलं, लष्कर-ए-तैयबा आणि जैश-ए-मोहम्मद यांच्यावर बंदी जाहीर केली, काश्मीरच्या नावाखाली दहशतवाद चालू देणार नाही म्हणाले. झालं. आता एकदम हल्ला करावा तर जग म्हणणार, तो माणूस तर ऐकतोय. आणि परत फिरावं तर आपण आलो कशाला होतो?

आमची कंपनी तेव्हा श्रीगंगानगर जिल्ह्यात होती. टीव्हीवर सीमा म्हणजे नुसती वाळू आणि उंट दाखवतात, पण गंगानगर तसं नाही. कालव्याचं पाणी, गहू, मोहरी, किन्नूच्या बागा. जमीन मुरब्ब्यात मोजतात, एक मुरब्बा म्हणजे पंचवीस बिघे. जानेवारीतलं धुकं असं, की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. त्या धुक्यात, उभ्या गव्हात, आम्ही फीत लावून, खुंट्या ठोकून ओळीने सुरुंग पेरत गेलो. बांधावर म्हातारे सरदारजी उभे असायचे. शिव्या कुणी दिल्या नाहीत, उलट सकाळी गरम दूध आणून द्यायचे. एकाने विचारलं होतं, 'फौजी साब, ये निकालोगे कब?' मी आमच्या हवालदाराकडे बघितलं, हवालदाराने सुभेदाराकडे. सुभेदारसाहेबांनी दूध संपवलं आणि पुढच्या ओळीकडे चालायला लागले.

मला वाटतं त्या वेळी हा प्रश्न दिल्लीत विचारला असता तरी असंच झालं असतं.

भारताची मागणी काय होती? दहशतवादाला पाठिंबा थांबवा, घुसखोरी थांबवा, आणि वीस जणांची यादी देतो ते आमच्या ताब्यात द्या. यादीत जैशचा म्होरक्या मसूद अझर होता, दाऊद होता. वीस नावं ही निदान मोजता येण्यासारखी मागणी होती. पण त्यातला एकही माणूस मिळाला नाही आणि न मिळाल्यास किती दिवसांनी काय करायचं, हे बाहेर तरी कुणाला दिसलं नाही. मे महिन्यात १४ तारखेला जम्मूजवळ कालूचकला लष्कराच्या वसाहतीत अतिरेकी घुसले, तीसहून जास्त माणसं मारली. त्यात जवानांच्या बायका आणि मुलं होती. सीमेवर बसलेल्या प्रत्येकाला वाटलं की आता नक्की. वाजपेयी कुपवाड्याला आले, निर्णायक लढाईची भाषा केली. जूनमध्ये अमेरिकेचे उपपरराष्ट्रमंत्री आर्मिटेज आले, घुसखोरी कायमची थांबवण्याचं मुशर्रफ यांचं वचन घेऊन आले. पुन्हा थांबलो. उन्हाळा तंबूत काढला, तापमान काय असतं ते गंगानगरवाल्यांना विचारा. १६ ऑक्टोबरला सरकारने सैन्य मागे घ्यायचं ठरवलं. तोपर्यंत दहा महिने झाले होते.

त्यातून काहीच मिळालं नाही असं मी म्हणणार नाही, तो अन्याय होईल. मुशर्रफ यांना जाहीर बंदी घालावी लागली, जम्मू-काश्मीरची निवडणूक पार पडली, आणि पुढच्या वर्षी नोव्हेंबरात नियंत्रण रेषेवर युद्धबंदी झाली, जी काही वर्षं बरी टिकली. पण किंमतही सांगायला हवी. संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी २००३ मध्ये संसदेत आकडा दिला तो ७९८ जवानांचा. कारगिलच्या प्रत्यक्ष लढाईत आपले ५२७ गेले होते. लढाई न होता त्याहून जास्त माणसं गेली. सुरुंगात, गाड्यांच्या अपघातात, दारूगोळ्याच्या हाताळणीत. कारगिलच्या शहिदांच्या नावाने दरवर्षी २६ जुलैला हार घातले जातात, ते योग्यच आहे. या ७९८ जणांचा दिवस कोणता, हे तुमच्या-माझ्या तालुक्यात कुणाला सांगता येणार नाही.

सुरुंगांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ते कुणी लिहीत नाही. पेरताना प्रत्येक पट्ट्याचा कागद करतात. पक्की खूण कुठली, तिच्यापासून कुठल्या दिशेला किती अंतर, ओळी किती, ओळीत सुरुंग किती. उचलताना तोच कागद घेऊन जायचं आणि शेवटी हिशेब जुळला पाहिजे. पेरले तेवढे निघाले तर शेत मालकाला परत. एक जरी कमी भरला तर शेत सोडता येत नाही, परत पहिल्यापासून शोधायचं. आता भिजवणीच्या रानात दहा महिन्यांत काय होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. पाणी पाजलं की माती बसते, सुरुंग कलतो, सरकतो. कधी उंदीर-घुशी जागा बदलतात, कधी एखादं मोकाट जनावर आत घुसून आपणच उडवतं आणि आकडा चुकतो. पुढे वाळूच्या भागात तर टेकडीच जागा बदलते. आमच्यातला कोल्हापूरकडचा एक पोरगा पेरताना सुखरूप राहिला आणि उचलताना गेला. कागदावर सुरुंग जिथे होता तिथून तो थोडा बाजूला सरकला होता. चूक कुणाचीच नव्हती. सैन्य ऑक्टोबरात परत फिरल्याची बातमी तुमच्यासारख्या वर्तमानपत्रांनी छापली, आम्ही त्यानंतरही बराच काळ तिथेच गुडघ्यावर बसून माती टोकरत होतो.

त्यानंतर लष्कराने विचार बदलला, हे खरं. इतकं मोठं अवजड सैन्य हलवण्यापेक्षा लवकर निघणाऱ्या लहान तुकड्या हव्यात, अशी योजना २००४ पासून बोलली जाऊ लागली. काश्मीरात उरीच्या तळावर १८ सप्टेंबर २०१६ ला हल्ला झाला, १९ जवान गेले, त्यातले चार महाराष्ट्राचे आणि एक आमच्या शेजारच्या माण तालुक्याचा. अकराव्या दिवशी आपल्या तुकड्या नियंत्रण रेषा ओलांडून काम करून परत आल्या. सकाळी डीजीएमओ, म्हणजे लष्करी कारवायांचे महासंचालक, रणबीर सिंह यांनी पत्रकारांना सांगितलं की कारवाई संपली, पुढे चालू ठेवण्याचा विचार नाही. मला सगळ्यात आवडलं ते हे वाक्य. पाकिस्तानातल्या बालाकोटवरचा आपला हवाई हल्ला २६ फेब्रुवारी २०१९ चा. त्याबद्दल इथे वाद घालत नाही. एवढंच लक्षात ठेवा की दुसऱ्याच दिवशी आपला वैमानिक त्यांच्या हातात पडला होता आणि त्याच सकाळी बडगामला आपलंच हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं. त्यात गेलेल्यांमध्ये आपल्या नाशिकचा स्क्वाड्रन लीडर होता. छोट्या कारवाईतही सगळं आपल्या मनासारखं होत नाही.

आता पहलगाम. २०२५ च्या २२ एप्रिलला बैसरनच्या पठारावर २६ माणसं मारली, त्यातली सहा महाराष्ट्रातली. डोंबिवली, पुणे, पनवेल. पर्यटकांना वाचवायला गेलेला एक घोडेवालाही त्यात गेला. त्यानंतर ७ मेच्या मध्यरात्री जे झालं, ते ऑपरेशन सिंदूर, एक जुना सॅपर म्हणून मला पटलं. नऊ ठिकाणं ठरलेली होती, बहावलपूर आणि मुरिदके त्यात होती, म्हणजे जैश आणि लष्करची मूळ घरं. पंचवीस मिनिटांत काम झालं आणि उजाडायच्या आत सरकारने सांगून टाकलं की पाकिस्तानच्या लष्करी तळांना हात लावलेला नाही. म्हणजे पुढे वाढवायचं की नाही, ते त्यांनी ठरवायचं होतं. त्यांनी वाढवलं. पूंछच्या बाजारपेठेत तोफगोळे पडले, मुलं गेली. मग आपण रावळपिंडीच्या नूर खानपर्यंतच्या हवाई तळांवर मारा केला आणि १० मेला संध्याकाळी पाच वाजता दोन्ही बाजू थांबल्या. ८८ तास. आपलीही विमानं गेली हे सरसेनाध्यक्ष अनिल चौहान यांनी त्याच महिन्याच्या अखेरीस सिंगापूरला मान्य केलं. फौजी माणसाने ते मान्य करण्यात कमीपणा नाही, टीव्हीवरच्या लोकांना उगाच घाम फुटला. मुद्दा असा, की पाच लाख माणसं दहा महिने उन्हात बसवावी लागली नाहीत. आणि काय साधलं की थांबायचं, हे सुरू करतानाच ठरलेलं होतं.

पण एप्रिल-मे महिन्यांत दोन गोष्टी आपण अशा करून ठेवल्या आहेत, की त्यांच्यावर मला २००२ ची सावली दिसते.

पहिली, यापुढचा कुठलाही दहशतवादी हल्ला युद्धाची कृती मानू, ही घोषणा. ऐकायला छाती फुगते. पण फौजेच्या बाजूने बघा. युद्ध कधी सुरू करायचं याची तारीख आपण बहावलपूरच्या एखाद्या मौलवीच्या हातात दिली. त्याला दोन पोरं आणि एक बॅग पुरते. नोव्हेंबरात लाल किल्ल्याजवळ स्फोट झाला, सरकारने तो दहशतवादी कृत्य असल्याचं म्हटलं आणि तपास सुरू केला. मला ते शहाणपणाचं वाटलं. आपल्या पत्रलेखकांना ते भित्रेपणाचं वाटलं. त्यांचाही दोष नाही, त्यांना मे महिन्यात शब्दच तसा दिला गेला होता. असले शब्द मागे घेणंही अवघड असतं. सुरुंगाला निदान कागद असतो.

दुसरी, सिंधू पाणीवाटप करार. १९६० चा करार, तो १९६५, १९७१ आणि कारगिल तिन्हींतून वाचला होता. २३ एप्रिलला तो स्थगित केला. अट काय घातली? पाकिस्तान सीमेपलीकडच्या दहशतवादाचा पाठिंबा विश्वासार्हपणे आणि कायमचा सोडत नाही तोवर. आता हे मोजायचं कसं? किती महिने हल्ला झाला नाही म्हणजे कायमचा? कोण ठरवणार? उद्या पाकिस्तानात कुणी खरोखर काही करायचं म्हणालं, तरी कुठल्या दाराशी जाऊन काय दाखवायचं हे त्याला कळणार नाही. आणि काहीच न करणाऱ्याला तर ही पळवाटच झाली, कारण काहीही केलं तरी भारत पुरे म्हणणार नाही असं तो आपल्या लोकांना सांगू शकतो.

पाणी तोडलं म्हणून गावात पेढे वाटले गेले, तेव्हा पारावर मी पोरांना एकच सांगितलं. आपण कोयनेच्या जिल्ह्यातले. कोयनेचं धरण शंभर टीएमसीच्या वर पाणी धरतं, ते उभं करायला किती वर्षं गेली आणि किती गावं उठली हे आपल्या आजोबांनी बघितलं आहे. सिंधूच्या खोऱ्यातल्या चिनाब नदीवरचे बगलिहार आणि सलाल हे वाहत्या पाण्यावर वीज करणारे प्रकल्प, त्यांच्या पोटात पाणी साठवायला जागाच फारशी नाही. धरण म्हणजे काय मोरीतला नळ आहे, पिळला की बंद? गाळ काढायला दरवाजे उघडता येतात, पुराची माहिती देणं थांबवता येतं, पेरणीच्या वेळी त्रास देता येतो. खरंखुरं पाणी अडवायचं तर दहा-पंधरा वर्षांचं बांधकाम आहे. ते करा, जरूर करा, आपल्या वाट्याचं पाणीसुद्धा आपण पुरतं वापरलेलं नाही. पण तोवर जी धमकी आज देता येत नाही, ती आज दिल्यासारखं दाखवू नये.

मग बसून राहायचं का, असं कुणी विचारेल. २६/११ नंतर आपण सैन्य पाठवलं नाही, १६६ माणसं गेली होती. तुकाराम ओंबळे आमच्याच जिल्ह्याचे, जावळीतल्या केडंबे गावचे. कसाबची बंदूक हाताने धरून ठेवली आणि छातीत गोळ्या घेतल्या. त्या वेळचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तरीसुद्धा सांगतो, २६/११ मधल्या माणसांपैकी पाकिस्तानने ज्यांना थोडंफार आत टाकलं, ते रणगाड्यांना घाबरून नाही. पैशाच्या व्यवहारांवर नजर ठेवणारी एफएटीएफ नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिने जून २०१८ मध्ये पाकिस्तानला करड्या यादीत, म्हणजे नजरेखाली ठेवायच्या देशांत, घातलं आणि हातात २७ कलमांचा कागद दिला. हे कायदे करा, ही खाती गोठवा, या या लोकांवर खटले चालवा. मुदत ठरलेली, तपासणी ठरलेली. माझा पुतण्या बँकेत आहे, तो म्हणाला, 'आप्पा, कर्ज हवं असेल तर कागद पूर्ण करावेच लागतात.' पाकिस्तानला कर्ज हवंच होतं. लष्कर-ए-तैयबाचा म्होरक्या हाफिज सईदला २०२० मध्ये शिक्षा झाली. मुंबईतल्या अतिरेक्यांना फोनवरून सूचना देणारा साजिद मीर, ज्याच्याबद्दल ते वर्षानुवर्षं हात वर करत होते, तोही २०२२ मध्ये एकाएकी त्यांच्याच कोर्टात सापडला आणि पंधरा वर्षांची शिक्षा झाली.

ही गोष्ट गोड करून सांगत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये पाकिस्तान त्या यादीतून सुटला, दाब गेला, आणि २०२५ मध्ये मुरिदके आणि बहावलपूर जागच्या जागी होतीच. कागदात लिहिलं होतं तेवढंच त्यांनी केलं, तेही कागद संपेपर्यंत. ऑपरेशन सिंदूर चालू असताना ९ मेला नाणेनिधीने त्यांना सुमारे एक अब्ज डॉलरचा हप्ता मंजूर केला आणि आपण मतदानापासून दूर राहिलो. म्हणजे तिथेही आपलं वजन अजून पुरत नाही. पण मोजता येणारी मागणी, ठरलेली मुदत आणि पूर्ण केल्यास काय सुटेल याचा शब्द, या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र होत्या तिथे काहीतरी हाताला लागलं. पराक्रमच्या वेळी मागणी होती, मुदत नव्हती. सिंधूच्या बाबतीत तर मागणीसुद्धा धुक्यात आहे.

कुणी म्हणेल, हा सुभेदार सरकारला शिकवायला निघाला. तसं नाही. मारायचं तेव्हा मारावं, आणि सिंदूरसारखं मारावं. माझे दोन भाचे-पुतणे आज वर्दीत आहेत, त्यांना मी घाबरून राहा असं शिकवलेलं नाही. माझी मागणी वर्तमानपत्राकडे आहे. पुढच्या वेळी कुणी नेता 'सीमेवर फौज लावू' म्हणाला, की तुमच्या बातमीदाराने त्याला कधी लावणार हे विचारू नये, ते तो आपणहून सांगतो. कशावर परत आणणार, हे विचारावं.

आणि सिंधू कराराबद्दल ते आताच विचारता येईल. मे-जूनमध्ये जगभर भारताची बाजू सांगायला जी सात शिष्टमंडळं गेली, त्यातल्या दोन मंडळांचं नेतृत्व महाराष्ट्राच्या खासदारांकडे होतं, सुप्रिया सुळे आणि श्रीकांत शिंदे. एक विरोधी बाकावरच्या, एक सत्तेतले. दोघांनाही परराष्ट्र खात्याने सगळी माहिती दिलेली असणार. त्यांच्यापैकी कुणीही पुढच्या अधिवेशनात लोकसभेत एक प्रश्न टाकावा: करार पुन्हा सुरू करण्यासाठी पाकिस्तानने नेमक्या कोणत्या गोष्टी, किती मुदतीत करायला हव्यात, आणि त्या झाल्या की नाही हे कोणत्या खात्याचा कोणता अधिकारी तपासणार? उत्तर लेखी मागावं. ते आलं की आपण पहिल्या पानावर छापावं, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त सुभेदार
ता. खटाव, जि. सातारा
(नाव छापू नये, पत्ता सोबत स्वतंत्र दिला आहे.)